नातीचा डावा बूट

विमान कंपनीने हरवलेल्या आमच्या बॅगेत नातीचा डावा बूट होता. तिचा तो पाय दोन बोटं आखूड, म्हणून ह्यांनी जाड तळव्याचा शिवलेला. "पावतीशिवाय भरपाई नाही, आजोबा," कचेरीतले साहेब म्हणाले. "मीच शिवलेल्या बुटाची पावती कोण देणार?" हे म्हणाले, "पैसे राहू द्या. उद्या हिची शाळा सुरू होतेय. बेवारस सामानातली एखादी चामडी बॅग द्या." साहेब हसले, पण बॅग दिली. हे कोपऱ्यावरच्या मोच्याची हत्यारं उसनी घेऊन आले अन् कचेरीतल्याच बाकावर बसले. टेप नाही, कागद नाही. नातीचं पाऊल एकदा तळहातावर धरलं आणि कातडं कापलं. संध्याकाळी बूट घालून ती दाराकडे निघाली, न लंगडता. रांगेतली माणसं आपापले अर्ज विसरून बाजूला सरकली. साहेब उठले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभेच राहिले.