मोठ्या जाईचा होकार

पडद्यावरची तीस वर्षांची जाई हसून म्हणाली, "करा ऑपरेशन. मी सुखात आहे."

"झालं, पेशंटची संमती मिळाली," डॉक्टर म्हणाले. लहान मुलांचं मत यंत्राने घडवलेल्या त्यांच्या मोठेपणीच्या रूपाला विचारायचं, असाच आता कायदा होता.

नऊ वर्षांची जाई शेजारीच बसली होती. भोंडल्याची गाणी म्हणून तिचा घसा बसला होता.

"आई, गळ्यातली गाठ काढली की माझा आवाज जाणार ना गं?"

"हो गं राणी. पण तू जगशील."

"मग ही बोलते कशी?"

आईने पडद्याकडे पाठ फिरवली आणि ती लेकीपुढे खाली बसली.

"तूच सांग गं बयो, काय करायचं?"

जाईला रडू फुटलं. तिला गायचंही होतं, आणि जगायचंही.