खर्जातला सा

दीनाकाकांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"बाकीचं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच आहे, काका," शांतवन म्हणाला आणि आपल्या वाद्याच्या खुंट्या पिळू लागला.

चर्चमध्ये तिघंच होते. तिघांच्या गुडघ्यांमध्ये तीन व्हायोल होती : लहान, मधलं आणि मोठं. व्हायोलिनसारखीच गजानं वाजणारी, पण सहा तारांची, फार जुन्या काळातली वाद्यं. मायदेशी परतताना एका मडमेनं ती नगरच्या चर्चला देऊन टाकली होती. तिच्या हाताखाली शिकलेला एकच माणूस आता उरला होता, दीनाकाका. मिशनच्या शाळेत ते सुतारकाम शिकवायचे. शांतवनला गज धरायला त्यांनीच शिकवलं, आणि दवाखान्यात नर्स असलेल्या दयालाही.

इतकी वर्षं तिघं मडमेच्या जुन्या विलायती चालीच वाजवत आले. या वाद्यांसाठी नवं, मराठी असं कुणी काही लिहिलं नव्हतं. ते आता शांतवननं लिहिलं होतं. येत्या रविवारी पुण्याहून काही जाणकार मुद्दाम ऐकायला येणार होते.

दीनाकाकांनी चष्मा सारखा केला. कागदावर वर एक खर्जातला सा होता आणि पुढे खालपर्यंत नुसत्या आडव्या रेघा.

"म्हंजे ह्यो एकच सूर धरायचा. शेवटापत्तर."

"तंबोऱ्यासारखा आधार आहे काका तो. त्याच्यावरच सगळं उभं आहे."

हे वाक्य शांतवननं घरीच ठरवून आणलं होतं. म्हणताना ते पाठ केल्यासारखं वाटलं.

त्यांनी सुरुवात केली. लहान व्हायोलनं एक ओळ म्हटली, मधल्यानं तिला उत्तर दिलं. मग दोन्ही थांबली, आणि त्या मोकळ्या जागेत मोठ्याचा सा तेवढा घुमत राहिला. जागा बरीच मोठी होती. दीनाकाकांनी गज उचलला.

"हितं काईतरी हुतं," ते म्हणाले. "तुमी दोघं गप व्हता ते उगं न्हाई. खालच्यानं बोलायचं हाय हितं."

"नाही काका. शांतताच ठेवलीय."

दयानं मान खाली घातली. पहिल्यांदा शांतवननं तिला ही चाल ऐकवली, तेव्हा या जागी मोठ्या व्हायोलची एक ओळ होती. साऱ्या चालीत तीच तिला आवडली होती.

"दादा," ती शांतवनला हळूच म्हणाली, "सांगून टाका."

दीनाकाका दोघांकडे पाहत राहिले.

"लिवलं हुतंस?"

"हो."

"मग का काडलंस?"

बाहेर आवारात कुणीतरी आडात बादली सोडली. ती तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज आला.

"नाताळात माजा हात लटपटला म्हनून?"

नाताळच्या उपासनेत दीनाकाकांची बोटं थरथरली होती, सूर घसरला होता. मंडळीतल्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. शांतवनच्या आलं होतं.

"पुण्याची माणसं येणार आहेत, काका," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे कान तापले. दया तिथं नसती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. लगेच त्या वाटण्याचीही त्याला लाज वाटली.

दीनाकाकांनी डाव्या हाताची बोटं उघडून पाहिली. ती आत्ताही किंचित हलत होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मला इचारायचं हुतंस," ते म्हणाले. "मीच म्हनालो असतो, मला जमायचं न्हाई, मोठं दयाला दे, मधल्याच्या ओळी तूच वाजव. मी बसलो असतो बाकावर ऐकत. ती ओळ कशाला मारलीस?"

"मी आज परत लिहितो, काका."

"लिव. पर आदी हे वाजवू. लावा गज."

खर्जातला सा मोकळ्या तारेवरच वाजायचा, त्याला डाव्या हाताची गरज नव्हती. तो हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि गज ओढला. सा जराही न हलता निघाला.

पहिली ओळ शांतवनची होती. त्यानं गज उचलला. समोर त्याचंच अक्षर होतं, पण हात तारेपर्यंत जाईना. दया त्याच्याकडे पाहत थांबली. दीनाकाकांनी मान वर केली नाही. गज एका टोकाला पोचला की ते तो अलगद परतवत होते, आणि सूर कुठं तुटत नव्हता. शांतवननं आपली ओळ सुरू करेपर्यंत ते तो धरून राहिले.