दुसऱ्या ओळीपासून

पेटंट सल्लागार मेघाताईंच्या जालना रोडवरच्या ऑफिसात सोनाजींनी स्वतः बनवलेला रेकॉर्डर टेबलावर ठेवला. “ह्ये सतत ऐकतं, मागची दहा सेकंदं धरून ठेवतं. उशिरा बटण दाबलं तरी आधीचा आवाज सापडतो.” मेघाताई म्हणाल्या, “पेटंटसाठी सहज न सुचणारं काहीतरी लागतं. हे तर कुणालाही सुचलं असतं.” दुष्काळात टँकरच्या रांगेत सोनाजींची बायको मनानं रचलेल्या ओव्या गायची. तेव्हाचा साधा रेकॉर्डर दिसला की लाजायची, म्हणून ते चोरून बटण दाबायचे; तोवर पहिली ओळ निसटलेली असायची. ती वारली आणि पहिल्या ओळीही तिच्यासोबतच गेल्या. घरात रेकॉर्डिंग लावलं की तिचा आवाज रोज दुसऱ्या ओळीपासून सुरू व्हायचा. आता सोनाजींनी बटण दाबलं. यंत्रातून मेघाताईच बोलल्या, “कुणालाही सुचलं असतं.” “व्हय मॅडम,” ते म्हणाले, “मलाबी सुचलं. पण कारभारीण गेल्यावर.”