कालपासून

"अहो, काजळ कालपासून खोकतेय. डॉक्टरकडे नेऊया," शरयू म्हणाली.

कुत्रीचा विमा उतरवून बाराच दिवस झाले होते. डॉबरमनमध्ये हृदयविकार आनुवंशिक असतो, म्हणून दिगंबरने चार कंपन्यांची पत्रकं वाचून तो आजार धरणारा विमा निवडला होता. फक्त पहिल्या महिन्यात सुरू झालेलं दुखणं त्यात बसत नव्हतं.

"आत्ता नेलं तर खोकल्याची नोंद होईल आणि विमा जाईल," तो म्हणाला. "अठराच दिवस कळ काढ. तिच्यासाठीच म्हणतोय ना!"

शरयू रोज काजळला मध चाटवत राहिली.

महिना उलटला त्या सकाळी काजळला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. टेबलावरही ती दिगंबरचा हात चाटत होती.

"खोकला कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"कालपासून," दिगंबर म्हणाला.

ते लिहून घेऊन डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"काका, एका दिवसात हृदय एवढं थकत नाही. आधी आणली असतीत, तर औषधांवर वर्ष-दोन वर्षं काढली असती तिनं."



"वीस दिवस झाले," शरयू म्हणाली. "खोडा ते, वीस लिहा."