बारावा पंजा

आप्पासाहेबांचं बोट क्लबहाऊसच्या भिंतीवर टेकलं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं कागदी थाळ्यांची कलिंगडं भिंतीवर थरथरत होती. त्यांच्याखाली आइस्क्रीमच्या काड्यांचे हातपंखे, कापूस भरून शिवलेले कापडी आंबे, आणि सगळ्यांच्या मधोमध सूर्य: मुलांच्या तळहातांना पिवळा रंग फासून, त्यांचे ठसे गोलाकार उठवून केलेला. अकरा पंजांखाली अकरा नावं होती. बाराव्याखाली काही नव्हतं. बोट तिथं होतं.

"हा कोणाचा?"

मुलांचं उन्हाळी शिबिर घेणारी उत्कर्षा हातातल्या चिकटपट्टीचं टोक शोधत राहिली. दाराशी फरशी पुसणाऱ्या वेणूबाईचा हात थांबला. तिच्या पाठीमागे, भिंतीला टेकून, तिची पाच वर्षांची नात उभी होती.

"अहो, आपल्यालाच विचारतोय," सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "सकाळी ग्रुपवर फोटो टाकलात. तेव्हापासून माझा फोन गप्प बसेना. शिबिराच्या यादीत मुलं अकरा, भिंतीवर हात बारा. माझं गणित कच्चं आहे, कबूल. पण इतकं नाही."

"वेणूबाईंच्या नातीचा आहे."

"असं."

"पाण्याचा रंग आहे, आप्पासाहेब. ओलं फडकं फिरवलं की जातो."

"मग फिरवा की. पाचला पालक येतील, त्याच्या आत."

आपणच आपल्या हातानं त्यांना वाट काढून दिली, हे उत्कर्षाला उशिरा उमगलं, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खिडकीबाहेर खराडीचं मे महिन्यातलं ऊन समोरच्या कचेऱ्यांच्या काचांवर आपटून परत फिरत होतं. आतला राग तसाच होता. कुठं शिरायला जागा नसलेला.

"मला व्यक्तिशः काही नाही हो," आप्पासाहेब म्हणाले. "पण आज ही आली. उद्या साऱ्या कामवाल्या पोरांना घेऊन येतील. मग कोणाला नाही म्हणायचं, ते तुम्ही सांगणार का मी?"

"राहू द्या, मॅडम," वेणूबाई दारातून म्हणाली. "पोरीले समजून राह्यलं सारं. मी पुसून टाकते."

"तुम्ही हात लावायचा नाही, मावशी." उत्कर्षाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. ती आप्पासाहेबांकडे वळली. "तीन आठवडे ही मुलगी त्या पायरीवर बसून होती. तुमच्या मुलांच्या हाती डिंक देत होती, त्यांच्या कात्र्या गोळा करत होती. तुमच्या नातवानं, पियुषनं, रंगाचं पाणी सांडलं, ते हिनं आपल्या फ्रॉकनं टिपलं. तेव्हा यादी काढायला कोणी आलं नाही. तिचा हात भिंतीला लागला, तर चौकशी?"

ती बोलत गेली. शब्द नेमके येत होते, एकामागून एक, आणि त्यांच्या धारेचं तिला कुठंतरी सुखही वाटत होतं. फक्त एक गोष्ट ती बोलली नाही. काल अकरा ठसे उठवून झाल्यावर सूर्याचं वर्तुळ पुरं होईना. खालच्या बाजूला तळहाताएवढी फट उरली होती. तेव्हा तिनं पायरीकडे बघून हाक मारली होती, "ए बाळ, ये गं इकडं जरा." मुलगी धावत आली होती.

"पुढच्या उन्हाळ्यात हा हॉल हवाय ना तुम्हाला?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नको. आणि हा पंजा इथंच राहील. पुसलात, तर का पुसला ते पाच वाजता मी माईकवरून सांगेन."

आप्पासाहेबांनी मुलांसाठी आणलेली बुटकी खुर्ची ओढली आणि गुडघे सावरत तिच्यावर बसले.

"राहू दे तर राहू दे. पण मग बाकीच्यांसारखं खाली नाव लिहा. सगळे बघू देत. भीती थोडीच आहे तुम्हाला? लिहा, मी थांबलोय."

उत्कर्षानं टेबलावरचा काळा मार्कर उचलला, दातांनी टोपण काढलं आणि भिंतीशी वाकली. बाराव्या पंजाखाली मार्करचं टोक टेकलं. भिंतीवर एक ठिपका उमटला आणि तिथंच राहिला.

ती तशीच वाकलेली होती. पंखा फिरत होता. खुर्चीतून आप्पासाहेबांचं बारीक खाकरणं ऐकू आलं.

"मावशी," मान न वळवता उत्कर्षानं विचारलं, "काय नाव हिचं?"

उत्तरासाठी तिला मान वळवावीच लागली.

वेणूबाई तिच्याकडे बघत होती. मघाशी आप्पासाहेबांपुढे खाली झुकलेली ती नजर आता झुकलेली नव्हती. मुलीनं सांगण्यासाठी तोंड उघडलं; वेणूबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलीचं तोंड मिटलं.

फडकं बादलीत बुडालं, पिळलं गेलं. वेणूबाई सावकाश चालत भिंतीपाशी आली. उत्कर्षा वाटेतून बाजूला झाली. का झाली, ते तिला कळलं नाही. वेणूबाईनं पंजा पुसला, आधी बोटं, मग तळवा. मार्करचा ठिपका मात्र निघेना. तो तिनं तसाच सोडला.

"मावशी, अहो, मी लिहिणारच होते. नाव तर सांगा."

वेणूबाईनं बादली उचलली, दुसऱ्या हातानं मुलीचं मनगट धरलं. दाराबाहेर पायरीवर ऊन पसरलं होतं. तिथं ती क्षणभर थांबली, बादली खाली ठेवली, पदराचं टोक ओढून मुलीच्या डोक्यावर नीट घातलं, आणि मागं न बघता चालू लागली.