पिवळ्या डोळ्यांचं खानदान

"दारू कितनी पीते हो?" जगदेवची पापणी वर ओढत फौजी डॉक्टरने विचारलं. डोळा हळदीत बुचकळून काढल्यासारखा दिसत होता.

उत्तर दारातून आलं. जगदेवची आई, शांताताई, तिथे कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दारू? याचा बाप दरबारच्या रिसाल्यात म्हातारा झाला, त्याचे डोळे असेच. आज्याचेही असेच. तेव्हा भाला धरलेला हात हलतो का ते बघायचे. डोळ्यांत वाकून कोणी बघत नव्हतं."

"माताजी, बाहर."

"बाहेरच आहे मी. उंबरा बघा."

रांगेतले जवान हसले. संस्थान विलीन झालं होतं, दरबारची फौज मोडून हिंदुस्थानच्या फौजेत मिसळत होती. तपासणीत पास तो आत, नापास तो घरी. हसायला तेवढंच मिळत होतं.

जगदेव हसला नाही. "काल रक्त घेतलंत ना? ते बघा आधी," तो दात आवळून म्हणाला. "मग दारुडा म्हणा."

डॉक्टरने आत जाऊन विचारलं. परत आला तो जरा नरमून. लिव्हर ठणठणीत होतं. रक्तात पित्ताचा रंग तेवढा जास्त.

"कुछ खानदानों में होता है. बीमारी नहीं है. लेकिन इतना पीला? खाना कब खाया?"

"परवा."

"अरे, भूखे पेट तो ये रंग और चढ़ता है! सोमवार को बड़े साहब खुद आँख देखेंगे. तब तक पेट भर खाओ. वही आख़िरी मौक़ा है."

जगदेवने सावकाश मान वळवून आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मारुतीला बोलले मी. पोरगा पास होईपर्यंत त्याच्या पोटात अन्न नाही."

तो तिला ओलांडून तडक रस्त्यापलीकडच्या कचोरीवाल्याकडे गेला. ती मागोमाग.

"खबरदार खाल्लंस तर. देवाला शब्द दिलाय."

"शब्द तुझा, पोट माझं. स्वतःचं पोट का नाही दिलंस?"

"दिलंय की. दोन दिवस मी काय पंगतीला बसले होते?"

जगदेव आणखीच चिडला. कचोरीचा द्रोण त्याने जवळजवळ हिसकावून घेतला, पण घास तोंडाशी जाईना. समोरच मारुतीचं देऊळ, दार सताड उघडं.

शांताताईने देवळाकडे बघितलं. मग पोराच्या पिवळ्याजर्द डोळ्यांकडे. शिवी हासडावी तसं काहीतरी पुटपुटली, देवाला की डॉक्टरला, कळलं नाही. आणि पोराकडे पाठ करून देवळाच्या आणि त्याच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही हातांनी पदर ताणून धरला, वाळत घातलेल्या लुगड्यासारखा रुंद.

"गीळ लवकर," ती मारुतीकडे बघत म्हणाली.