करंगळीची शाई

सकाळचे सात वाजले होते. वस्ती जागी झाली की नाला भरून वाहतो, म्हणून पोलिओच्या तपासणीसाठी सांडपाण्याचा नमुना याच वेळी घ्यायचा. मीरबाजने पुलावरून बादली खाली सोडली. दोर हातातून निसटत होता. नातीच्या पायाला चोळलेलं मोहरीचं तेल तळहातांना तसंच होतं. तीन वर्षांची पलवशा कालपासून डावा पाय टेकत नव्हती.

दारोदार पोलिओचे थेंब पाजणारी शिरीनगुल त्याच्या बर्फाच्या पेटीपाशी थांबली.

"एवढा बर्फ? मला वाटलं काका सरबत विकायला बसलेत."

"घे पेलाभर." त्याने काळं पाणी बाटलीत भरलं. "तीन महिने झाले, यात पोलिओ निघतोय. कराचीचे साहेब मलाच विचारतात, बाटली धुतोस ना नीट?"

ती हसली नाही.

"मी म्हटलं, थेंब पाजला की करंगळीला शाई लागते. आमच्या वस्तीत बिनशाईचं एक पोर दाखवा. मग हा येतो कुठून?"

शिरीनगुल खांद्यावरच्या पेटीचा पट्टा चाचपत राहिली.

"काका, शाईचं पेन मी दारातून आत देते."

"म्हणजे?"

"बायकांना थेंब नको असतात. पोरांना काहीतरी होईल म्हणून भितात. शाई त्याच लावतात. त्यांची कटकट मिटते, माझी वही भरते. मला वाटलं, चारच तर घरं आहेत."

"चार?"

ती नाल्याकडे बघत राहिली.

मीरबाजने बाटलीचं झाकण आवळलं. आवळलेलंच पुन्हा आवळलं.

"माझ्या घरी?"

"तुमची सून म्हणाली, सासऱ्यांना सांगू नकोस."

बाटली बर्फात ठेवून त्याने ती पेटी गाडीवर चढवली आणि घर गाठलं.

पलवशा उंबऱ्यात बसली होती. आजोबा दिसताच तिने नेहमीसारखी करंगळी वर केली. ही करंगळी त्यानेच गल्लीभर मिरवली होती. ती उठायला गेली आणि डाव्या अंगाला कलंडली.

त्याने तिला सावरलं, समोर बसला. अंगठा थुंकीने ओला करून तिची करंगळी घासू लागला.

"दुखतंय," ती म्हणाली.

तो घासत राहिला. शाई पक्की होती.